मृत्यूचा पहिला कागद : एकोणिसाव्या शतकातील खानदेश, पंचनामा आणि आपले पूर्वज

श्रावस्ती नगरीत सुंदरी नावाच्या परिव्राजिकेचा खून झाला आणि तिचे प्रेत जेतवनाच्या खंदकात पुरून ठेवण्यात आले, ही हकीकत ‘उदान’ या पाली ग्रंथात आली आहे. ज्यांनी खून करविला त्यांनीच राजा प्रसेनजिताकडे जाऊन ती दिसत नसल्याची फिर्याद दिली, प्रेत ‘शोधून’ काढले आणि नगराच्या रस्त्यारस्त्यांतून फिरवून भिक्खूंवर आळ घातला. प्रेत ज्यांच्या वस्तीजवळ सापडले तेच गुन्हेगार, एवढाच काय तो पुरावा! हा गलबला सात दिवसांत शमेल असे तथागतांनी सांगितले व तो शमला. अट्ठकथेत पुढचा भाग आहे. मारेकरी दारूच्या नशेत आपसांत भांडले आणि राजाच्या माणसांच्या हाती लागले.

विद्यार्थी मित्रांनो, प्रेत सापडल्यानंतर पहिला शब्द कोण उच्चारतो आणि तो कागदावर कोण उतरवितो, यावर निरपराध माणसाचे भवितव्य कसे अवलंबून असते ते या कथेत दिसते. हाच प्रश्न आपल्या जळगाव-धुळ्याच्या मातीत, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी, कसा सोडविला जात होता याचा अभ्यास आम्ही या लेखात करणार आहोत.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मिळून तो एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. सुरुवातीची वर्षे भिल्लांच्या उठावांची होती आणि १८२५ मध्ये औट्रम याने भिल्ल पलटण उभारली, हे इतिहासाच्या पुस्तकात सापडते. परंतु खेड्यातला रोजचा हिंसाचार पुस्तकात नसतो. बांधावरून झालेली मारामारी, विहिरीत सापडलेली सून, वाटसरूच्या भाकरीत घातलेला धोतरा, नवजात अर्भकाचे प्रेत, अशा मृत्यूंची चौकशी गावातच सुरू होई आणि पुष्कळदा गावातच संपे.

चौकशीचा कायदा होता आणि तो कागदावर वाईट नव्हता. मुंबई इलाख्याचा ग्रामपोलीस कायदा १८६७ साली झाला. गावात अनैसर्गिक अथवा आकस्मिक मृत्यू घडला किंवा बेवारस प्रेत सापडले, तर पोलीस पाटलाने ताबडतोब गावातील अगर शेजारची दोन किंवा अधिक समजदार माणसे जमवावीत, त्यांनी मृत्यूचे कारण व सर्व परिस्थिती तपासावी, लेखी अहवाल करावा आणि तो पोलीस ठाण्याकडे पाठवावा, असे त्यात सांगितले होते. घातपाताचा संशय असेल आणि वाटेत प्रेत कुजण्याची भीती नसेल, तर ते सिव्हिल सर्जनकडे न्यायचे होते. या कागदाला आपण पंचनामा म्हणतो.

आता ‘कुजण्याची भीती नसेल तर’ या शब्दांकडे लक्ष द्या. एकोणिसावे शतक संपत आले तरी धुळ्याला रेल्वे नव्हती. रावेरकडच्या किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून वैशाखाच्या उन्हात बैलगाडीने प्रेत धुळ्याला न्यायचे म्हणजे काय, हे खानदेशच्या माणसाला समजावून सांगायला नको. अशा गावांपुरता पाटलाचा कागद हाच पहिला आणि शेवटचा. विषाचा संशय असल्यास आतड्याचे नमुने मुंबईला सरकारी रासायनिक पृथक्करणकाराकडे पाठविण्याची सोय होती, पण प्रेत डॉक्टरांपर्यंत पोहोचले तर! खुद्द मुंबई शहरात मात्र १८७१ च्या कायद्याने कॉरोनर आणि त्याची ज्युरी होती. ही पद्धत तेथे १९९९ पर्यंत चालली. शहरातल्या मृताला ज्युरी आणि खेड्यातल्या मृताला पाटील, असा हा भेद होता.

या चौकशीत आमचे पूर्वज कोठे होते? कामाला सर्वत्र होते. प्रेताजवळ रात्रभर राखण करणे, ठाण्यापर्यंत वर्दी घेऊन धावणे, परगावच्या नातेवाइकांना मरणाचा निरोप पोहोचविणे, सरणाची लाकडे व गोवऱ्या वाहणे ही कामे महारकीतली. खानदेशात जागलकी अनेक गावांत भिल्लांकडे होती. चोराचा माग काढीत दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविणे हे जागल्याचे काम. म्हणजे प्रेत पहिल्यांदा पाहणारा, जागेवरच्या पावलांच्या खुणा ओळखणारा, रात्री कोण कोठून गेले हे ठाऊक असणारा माणूस बहुधा महार किंवा भिल्ल असे. परंतु पंच म्हणून बसायचे ते चावडीवर, आणि चावडीची पायरी त्याला चढता येत नव्हती. कायद्यात जातीचा शब्दही नाही. ‘समजदार माणसे’ एवढेच आहे. समजदार कोण, हे पाटील ठरवी आणि कुलकर्णी लिही. कुलकर्ण्याच्या लेखणीने अडाणी रयतेचे काय होते, ते महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दाखवून दिलेच आहे. शेतकऱ्याची ही गत, तर ज्याला लेखणीपासून पाच हात लांब उभे राहावे लागे त्याच्या जबानीचे काय होत असेल?

आणि प्रेत अस्पृश्याचेच असेल तर? अंगावरची जखम पाहायला प्रेत उलटेपालटे करावे लागते. काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंतीण पत्नीला डॉक्टराने न शिवता तपासले, तापमापकसुद्धा दुसऱ्याच्या हातून दिले आणि ती बाई मरण पावली. १९२९ सालची ही घटना परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. जिवंत माणसाला जिथे डॉक्टर शिवत नव्हता, तिथे पन्नास वर्षे आधीच्या खेड्यातील पंच मेलेल्याच्या जखमा किती जवळून पाहत असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

विनयपिटकात तंटा मिटविण्याचे सात नियम आहेत. त्यांतला पहिला ‘सम्मुखाविनय’. ज्यांच्यासंबंधी निर्णय करावयाचा ते समोर हजर असतील तरच तो निर्णय ग्राह्य. आमचे पूर्वज हजर होते, पण ओट्याखाली.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच होता असे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत प्रत्येक कौंटीला कॉरोनर असे आणि संशयास्पद मृत्यू झाला की तो गावातील माणसांची ज्युरी बसवी. गुलामगिरीच्या काळात ज्युरीवर गोरे पुरुषच असत, आणि गोऱ्या माणसाविरुद्ध गुलामाची साक्ष न्यायालयात चालत नसे. मळ्यावर गुलाम मेला तर त्याचे कारण ठरविणार मालकाचे शेजारी! जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, तो हे साम्य ओळखूनच, असे आम्हाला वाटते.

ज्यांचा कागदच झाला नाही असेही मृत्यू आहेत. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणीच्या लढाईनंतर पकडलेल्या भिल्लांपैकी अनेकांना जागच्या जागी लष्करी निवाडा करून गोळ्या घातल्या गेल्या. तेथे पाटील नव्हता आणि पंचही नव्हते. १८९९-१९०० च्या दुष्काळात उपासमारीने जे गेले त्यांच्या मृत्यूला खुनी नव्हता, म्हणून चौकशीही नव्हती. उलट एका बाबतीत कायदा फार तत्पर असे. अर्भकाच्या मृत्यूबद्दल विधवा आई पकडली जाई, आणि तिला त्या अवस्थेला आणणाऱ्या पुरुषाचे नावही कागदावर येत नसे. पुण्यात अशाच एका प्रकरणानंतर जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले.

चौकशी करणारा आपल्यातला असला म्हणजे काय फरक पडतो? १९२९ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेली समिती काम करीत होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते व खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्या वाट्याला आले होते. धुळ्याच्या फाट्यावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावी परतले. स्टेशनवरून महारवाड्याकडे न्यायला एकही टांगेवाला तयार होईना, म्हणून वस्तीतल्याच एकाने टांगा हाकला, आणि पुलाजवळ अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. चाळीसगावचा अपघात बहुतेकांना ठाऊक असतो. ते चौकशीला आले होते हे फार थोड्यांना. पाटलाने चावडीवर बोलावून घेतलेली ती चौकशी नव्हती. चौकशी करणारा स्वतः बहिष्कृतांच्या दारी गेला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२८ मध्ये, महार वतनात सुधारणा करणारे विधेयक त्यांनी मुंबई कायदेमंडळात मांडले होते. राखणीचे, धावण्याचे वेठीचे ओझे कायद्याने पुरते उतरले ते १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्यानंतरच.

आज पोलीस पाटीलकी वंशपरंपरेने चालत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्याने नेमणूक होते. मरणोत्तर पंचनामा मात्र आजही आहे. पूर्वी फौजदारी संहितेचे कलम १७४ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आहे. आजही शेजारचे दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर लागतात. ‘समजदार’च्या जागी ‘प्रतिष्ठित’ आले, इतकेच! म्हणून वस्तीत संशयास्पद मृत्यू झाला तर पंच कोण आहेत हे तिथल्या तिथे विचारावे, वस्तीतले शिकलेले स्त्री-पुरुष पंच म्हणून पुढे करावेत, आणि कागद पूर्ण वाचल्याशिवाय कोणी सही करू नये. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आणि त्याचे नियम १९९५ चे. त्यानुसार तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावा लागतो. खुनाच्या प्रकरणात अर्थसाहाय्याचा निम्मा भाग शवविच्छेदनानंतर देय असतो. पहिला कागद चुकला की पुढची सगळीच वाट अडते.

जे विद्यार्थी इतिहास विषय घेऊन पुढे जाणार आहेत त्यांनी मोडी लिपी जरूर शिकावी. गावचे जुने कागद मोडीत आहेत आणि ते वाचणारी आपली मुले फार थोडी आहेत. कागद हाती आला की आधी मजकूर वाचू नका, शेवटच्या सह्या पाहा. लिहिता न येणारा कुणबी पंच सहीच्या जागी नांगर काढी, आणि शेजारी कुलकर्णी ‘निशाणी नांगर’ असे लिही. त्या नांगरांच्या रांगेत वेसकराची किंवा जागल्याची निशाणी कोठे आहे का, ते शोधा. आणि नसेल तर मजकुरात त्याचे नाव कोणत्या कामासाठी आले आहे, ते टिपून ठेवा.