मृदा : पायाखालचे धन

प्रस्तावना

डिसेंबर २०१५ च्या पहिल्या आठवड्यात चेन्नई शहर पुरात बुडाले. अड्यार नदीने पात्र सोडले, वस्त्यांमध्ये पाणी शिरले आणि विमानतळाची धावपट्टीही पाण्याखाली गेली. साडेतीन वर्षांनंतर, २०१९ च्या उन्हाळ्यात, याच शहराला पाणी पुरवणारे पूंडी, चोलवरम, पुळल आणि चेंबरम्बाक्कम हे चार जलाशय जवळजवळ कोरडे पडले. जुलै महिन्यात जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्यात आले होते, हे आपणांस आठवत असेल. परंतु लातूर हा कमी पावसाचा प्रदेश आहे. चेन्नईत मात्र वर्षाला सरासरी सुमारे १४०० मिलीमीटर पाऊस पडतो. मग एकाच शहरावर कधी महापूर, तर कधी पाणीटंचाई अशी वेळ का यावी?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग आपल्या पायाखाली आहे. तो म्हणजे माती. शास्त्रीय भाषेत तिला ‘मृदा’ म्हणतात. या पाठात मृदा कशी तयार होते, तिचे गुणधर्म कोणते आणि पर्यावरणात तिचे स्थान काय, याचा अभ्यास चेन्नईच्या उदाहरणावरून करावयाचा आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण :
• खडकापासून मृदा कशी तयार होते, हे सांगू शकाल;
• मृदेचे प्रमुख गुणधर्म स्पष्ट करू शकाल;
• मृदा आणि पाणी यांचा संबंध उदाहरणाने पटवून देऊ शकाल;
• आपल्या परिसरातील मातीचे निरीक्षण करू शकाल.

१. खडकापासून मृदेपर्यंत

चेन्नईच्या दक्षिणेस सेंट थॉमस माउंट नावाची टेकडी आहे. तिला तमिळ भाषेत ‘परंगिमलै’ म्हणतात. ही टेकडी आणि जवळच्या पल्लावरमच्या टेकड्या ‘चार्नोकाइट’ नावाच्या अतिशय कठीण खडकाच्या आहेत. या खडकाच्या नावामागची हकिगत मोठी रंजक आहे. कोलकात्यात जॉब चार्नोक या इंग्रज व्यापाऱ्याची कबर आहे. तिच्यावरील शिळा ज्या खडकाची आहे, तोच खडक चेन्नईजवळच्या टेकड्यांत आढळतो, हे भूवैज्ञानिक थॉमस हॉलंड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओळखले आणि चार्नोकच्या नावावरून खडकाला नाव दिले. सेंट थॉमस माउंट येथील हा खडक आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जतन केलेला आहे.

एवढा कठीण खडकही काळापुढे टिकत नाही. दिवसाच्या उन्हाने तो प्रसरण पावतो, रात्रीच्या गारव्याने आकुंचन पावतो आणि हळूहळू त्याला भेगा पडतात. हे कायिक विदारण होय. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड मिसळून सौम्य आम्ल तयार होते. ते भेगांत झिरपून खडकातील खनिजे बदलून टाकते. हे रासायनिक विदारण होय. वनस्पतींची मुळे भेगा रुंदावतात, दगडफुले आपल्या आम्लाने खडकाचा पृष्ठभाग पोखरतात. हे जैविक विदारण होय.

रासायनिक विदारणात खडकातील प्रत्येक खनिजाची गती वेगळी होते. फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते. लोहयुक्त खनिजांतील लोह हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून गंजते आणि मातीला तांबडा रंग देते. क्वार्ट्झ मात्र सहसा बदलत नाही. त्याचे कण सुटे होऊन वाळू बनते. म्हणजे एकाच खडकापासून चिकणमाती, तांबडी माती आणि वाळू अशी तिन्ही द्रव्ये मिळतात. चेन्नईच्या उत्तरेकडील पुळल परिसराला ‘रेड हिल्स’ आणि तमिळमध्ये ‘सेंगुन्रम’, म्हणजे तांबडी टेकडी, असे नाव आहे. मातीचा रंगच तेथे गावाचे नाव झाला.

मात्र खडकाचा भुगा म्हणजे मृदा नव्हे. त्या भुग्यात पालापाचोळा, मृत मुळे आणि जीवजंतूंचे अवशेष मिसळतात व कुजतात. त्यापासून ‘ह्यूमस’ हे काळपट सेंद्रिय द्रव्य तयार होते. खनिज कण, सेंद्रिय द्रव्य, हवा, पाणी आणि असंख्य सजीव एकत्र आले म्हणजे मृदा जन्मास येते.

२. मृदानिर्मितीचे पाच घटक

मृदा ही निसर्गातील स्वतंत्र वस्तू आहे, हा विचार रशियन शास्त्रज्ञ वासिली दोकुचायेव यांनी १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. मृदानिर्मिती मुख्यतः पाच घटकांवर अवलंबून असते : मूळ खडक, हवामान, सजीव, जमिनीचा उतार आणि कालावधी.

महाराष्ट्राच्या पठारावर बेसाल्ट खडकापासून काळी कसदार माती तयार झाली. तिला ‘रेगूर’ म्हणतात. त्याच बेसाल्टवर कोकणातील धो धो पावसात, क्षार वाहून गेल्यामुळे, जांभा तयार झाला. खडक एक, परंतु हवामान बदलले आणि मृदा बदलली. चेन्नईत मूळ खडक निराळा आहे. शिवाय शहराचा बराचसा भाग कूवम, अड्यार व कोसस्थलैयार या नद्यांनी आणलेल्या गाळाचा आणि समुद्राने लोटलेल्या वाळूचा आहे.

काळाचा घटक सर्वांत कमी लक्षात येतो. एक सेंटीमीटर जाडीचा मृदेचा थर तयार होण्यास शेकडो ते हजार वर्षेही लागतात. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला पल्लावरम येथे जांभ्याच्या खडीत अश्मयुगीन मानवाने घडवलेले दगडी हत्यार सापडले. भारतातील अश्मयुगाच्या अभ्यासाचा आरंभ तेथून झाला, असे मानले जाते. आपण ज्याला नुसती माती म्हणतो, तिच्या थरांत मानवाचा लेखनपूर्व इतिहासही साठवलेला असतो.

पाठगत प्रश्न १
रिकाम्या जागा भरा.
(अ) सेंट थॉमस माउंट ही टेकडी ______ या खडकाची आहे.
(आ) क्वार्ट्झच्या कणांपासून ______ तयार होते.
(इ) बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीस ______ म्हणतात.

३. मृदेचे गुणधर्म

पोत : मृदेतील कणांच्या आकारावरून तिचा पोत ठरतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार २ ते ०.०२ मिलीमीटर व्यासाचे कण म्हणजे वाळू, ०.०२ ते ०.००२ मिलीमीटरचे कण म्हणजे पोयटा आणि त्याहून बारीक कण म्हणजे चिकणमाती. वाळू बोटांना खरखरीत लागते, पोयटा पिठासारखा मऊ लागतो, तर ओली चिकणमाती बोटांना चिकटते.

सच्छिद्रता : कणांमध्ये पोकळ्या असतात. त्यांत हवा आणि पाणी राहते. चांगल्या मृदेच्या एकूण आकारमानापैकी सुमारे निम्मा भाग या पोकळ्यांचा असतो. वाळूतील पोकळ्या मोठ्या असल्याने पाणी भराभर खाली उतरते. चिकणमातीतील पोकळ्या अतिशय सूक्ष्म असल्याने पाणी सावकाश झिरपते, पण दीर्घकाळ टिकून राहते.

रंग : काळपट रंग बहुधा सेंद्रिय द्रव्याचे, तर तांबडा रंग लोहाचे अस्तित्व दर्शवतो. परंतु हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. रेगूर मृदा काळी असली, तरी तिच्यात ह्यूमसचे प्रमाण कमीच असते.

सामू : मृदा आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे सामूवरून कळते. ७ हा सामू उदासीन असतो. त्याहून कमी असल्यास मृदा आम्लधर्मी आणि अधिक असल्यास अल्कधर्मी समजली जाते.

सजीवता : मूठभर सुपीक मातीत कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा सुगंध हा मुख्यतः अशा सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या ‘जिओस्मिन’ या द्रव्याचा असतो. क्षयरोगावरील ‘स्ट्रेप्टोमायसिन’ हे औषधही १९४३ साली मातीतील एका सूक्ष्मजीवापासूनच मिळाले.

४. मृदा आणि पाणी : चेन्नईचा धडा

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. चेन्नईच्या भूमीचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. तिरुवान्मियूर, सांथोम यांसारख्या किनाऱ्यालगतच्या भागांत वालुकामय मृदा आहे. त्यागराय नगर, अण्णा नगर, पेरम्बूर या भागांत चिकणमाती आढळते. गिंडी, वेलाचेरी या भागांत कठीण खडक जमिनीखाली थोड्याच खोलीवर लागतो.

किनाऱ्यावरील वाळू पावसाचे पाणी शोषून घेते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते वाळूत समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रापासून काही पावलांवरील विहिरीला गोडे पाणी का लागते, याचे उत्तर येथे मिळते. परंतु उपसा भरण्यापेक्षा अधिक झाला, तर खारे पाणी आत सरकते. शहराच्या उत्तरेस मिंजूर परिसरात अमर्याद उपशामुळे असेच घडले आणि तेथील भूजल दूरवर खारट झाले. एकदा खारट झालेले भूजल पुन्हा गोडे होण्यास फार मोठा काळ लागतो.

चिकणमातीच्या भागांत पाणी जमिनीत मुरण्यास वेळ लागतो. तो वेळ पूर्वी तलाव आणि पाणथळ जागा देत असत. पावसाचे पाणी तेथे थांबे आणि सावकाश जिरे. दक्षिण चेन्नईतील पल्लिकरणै ही अशीच विस्तीर्ण पाणथळ भूमी आहे. भराव, बांधकामे आणि कचऱ्याचे ढीग यांमुळे गेल्या काही दशकांत ती बरीच आक्रसली. उरलेल्या भूमीपैकी सुमारे १२४८ हेक्टर क्षेत्राला २०२२ साली रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

मातीवर डांबर, काँक्रीट आणि फरशी अंथरली की तिची छिद्रे बंद होतात. मग पाऊस जमिनीत मुरत नाही, तो रस्त्यावरून वाहतो. २०१५ चा पूर केवळ यामुळे आला, असे म्हणता येणार नाही. त्या वेळी पाऊस असामान्य होता, चेंबरम्बाक्कम जलाशयातून सोडलेले पाणीही अड्यारमध्ये आले होते आणि पाण्याच्या वाटा अडलेल्या होत्या. परंतु झाकलेल्या मातीने ते संकट अधिक गंभीर केले. चेन्नईचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. तो त्याच वेळी जमिनीत साठवला नाही, तर उन्हाळ्यात विहिरी व कूपनलिका कोरड्या पडतात. पूर आणि टंचाई ही दोन संकटे वेगळी वाटली, तरी त्यांचे एक मूळ समान आहे.

तामिळनाडू शासनाने २००३ साली सर्व इमारतींना पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची व्यवस्था बंधनकारक केली. ही व्यवस्था करतानाही मृदेचे ज्ञान आवश्यक ठरते. वालुकामय जागेत उथळ शोषखड्डा पुरतो. चिकणमातीच्या जागी त्याच खड्ड्यात पाणी साचून राहते. म्हणून तेथे चिकणमातीचा थर भेदून खालच्या वाळूपर्यंत पोहोचणारी विहीर घ्यावी लागते. माती न ओळखता खणलेला खड्डा केवळ नियमाची पूर्तता करतो, पाणी मुरवत नाही.

५. पर्यावरणातील मृदेचे कार्य

मृदा वनस्पतींना आधार, पाणी आणि पोषकद्रव्ये देते. ती झिरपणारे पाणी गाळते. मृत जीवांचे विघटन करून त्यांतील द्रव्ये पुन्हा जीवसृष्टीला परत करते. वातावरण आणि वनस्पती या दोहोंत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक कार्बन जगातील मृदेत साठलेला आहे. त्यामुळे मृदेची धूप झाली, तर केवळ शेताचे नव्हे, तर हवामानाचेही नुकसान होते.

मृदेचे हे महत्त्व ओळखून संयुक्त राष्ट्रांनी ५ डिसेंबर हा जागतिक मृदा दिन ठरवला आणि २०१५ हे आंतरराष्ट्रीय मृदा वर्ष म्हणून जाहीर केले. त्या वर्षीचा मृदा दिन उजाडला, तेव्हा चेन्नईकर पुराच्या पाण्यातून सावरत होते. हा केवळ योगायोग होता. परंतु त्यातून घेण्याजोगा बोध मात्र खरा आहे.

पाठगत प्रश्न २
चूक की बरोबर ते सांगा.
(अ) चिकणमातीतून पाणी वाळूपेक्षा जलद झिरपते.
(आ) सामू ७ पेक्षा कमी असल्यास मृदा आम्लधर्मी असते.
(इ) गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा जड असते.

कृती

पारदर्शक बाटलीत एकतृतीयांश माती घ्या. उरलेल्या भागात थोडी जागा सोडून पाणी भरा. झाकण लावून बाटली जोराने हलवा आणि एक दिवस स्थिर ठेवा. तळाशी वाळू, त्यावर पोयटा आणि सर्वांत वर चिकणमाती बसलेली दिसेल. पालापाचोळ्याचे कण पाण्यावर तरंगतील. थरांची जाडी मोजून आपल्या परिसरातील माती कोणत्या प्रकारची आहे, ते वहीत लिहा.

आपण काय शिकलात?

• विदारण आणि सेंद्रिय द्रव्य यांच्या संयोगाने मृदा तयार होते.
• मूळ खडक, हवामान, सजीव, उतार आणि कालावधी हे मृदानिर्मितीचे घटक आहेत.
• मृदेच्या पोतावर पाणी मुरण्याचा वेग अवलंबून असतो.
• माती झाकली गेली की पूर आणि टंचाई या दोन्हींचा धोका वाढतो.

शब्दार्थ

विदारण – खडक झिजणे व फुटणे. पाणथळ – सतत ओलसर किंवा पाणी साचलेली जमीन. भूजल – जमिनीखालील पाणी. उपसा – पाणी बाहेर काढणे. धूप – माती वाहून किंवा उडून जाणे. आक्रसणे – आकार कमी होणे.

स्वाध्याय

१. ‘खडकाचा भुगा म्हणजे मृदा नव्हे’ हे विधान स्पष्ट करा.
२. एकाच बेसाल्टपासून पठारावर व कोकणात निराळी मृदा का तयार झाली?
३. वालुकामय आणि चिकण जागेत पाणी मुरवण्याच्या उपायांत फरक का करावा लागतो?
४. आपल्या घराभोवतीची किती जमीन उघडी आहे आणि किती झाकलेली आहे, याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) चार्नोकाइट (आ) वाळू (इ) रेगूर
२. (अ) चूक (आ) बरोबर (इ) चूक