हुन्नर तेच, गिऱ्हाईक नवे
मिरजेच्या सतारमेकर गल्लीपासून मोहल्ल्यातील उद्योजकाने घ्यावयाचे पाच धडे

आपल्या मोहल्ल्यात एखाद्या तरुणाला विचारले, "धंदा का सुरू करीत नाहीस?" तर बहुधा एकच उत्तर मिळते, "भांडवल नाही." हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. भांडवल हाती येऊनही अनेक दुकाने वर्ष-दोन वर्षांत बंद पडतात आणि हातात फारसे काही नसताना सुरू झालेले धंदे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. असे का होते, हे समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. सांगली जिल्ह्यातील मिरज शहरात सतार व तंबोरा बनविणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या उदाहरणावरून आपण पाच धडे पाहू.

१) मागणी संपली तर हुन्नर फेकू नका

मिरजेच्या या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते. तलवारी, भाले, कट्यारी घडविणे व त्यांना धार लावणे हा त्यांचा व्यवसाय. इंग्रजी अंमल स्थिरावला तशी शस्त्रांची मागणी आटली आणि पिढीजात धंदा बसला. त्याच काळात मिरज संस्थानात पटवर्धन राजांच्या आश्रयाने गवई-वादकांची ये-जा वाढली होती. त्यांची वाद्ये बिघडली की दुरुस्तीसाठी दूर उत्तरेकडे पाठवावी लागत. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब या शिकलगाराने ही दुरुस्ती हाती घेतली आणि दुरुस्ती करता करता नवे वाद्य घडविण्याची कला साधली, असे मिरजेत सांगितले जाते. पुढे "सतारमेकर" हेच घराण्याचे आडनाव झाले.

यात शिकण्यासारखे हे की, फरीदसाहेबांनी हातातली सफाई, अवजारांची ओळख आणि नजरेचे माप सोडले नाही. त्यांनी गिऱ्हाईक बदलले. सुरुवातही नव्या मालाने केली नाही, दुरुस्तीने केली. दुरुस्तीला भांडवल थोडे लागते, गिऱ्हाईक स्वतः चालत येते आणि दुसऱ्याच्या मालातील दोष पाहून आपला माल कसा असावा हे कळते. शिलाई, चामडे, फर्निचर, घड्याळ, मोबाइल, कोणत्याही धंद्यात नवख्या माणसासाठी हा दरवाजा आजही उघडा आहे.

२) गिऱ्हाईक जिथे जमते तिथे बसा

मिरजेत गाण्याची परंपरा टिकली म्हणून वाद्यांचा धंदा टिकला. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते. १९३७ साली त्यांच्या निधनानंतर त्यांचा दफनविधीही मिरजेतील ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झाला. तेथील उरुसात गवई हजेरी लावतात. म्हणजे वाद्य घेणारा, वाजविणारा आणि त्यातील खोट सांगणारा असे तिघेही कारागिराच्या दारात येत राहिले. दुकानासाठी जागा पाहताना आपण भाडे पाहतो. त्याआधी हे पाहावे की आपला जाणकार गिऱ्हाईक त्या रस्त्याने जातो काय.

३) कच्च्या मालात पैसा किती दिवस अडकतो, ते मोजा

तंबोऱ्याचा भोपळा हा भाजीचा भोपळा नव्हे. तो कडू असतो आणि पंढरपूर-मंगळवेढे परिसरातून येतो. तो वाळवावा लागतो, लाकूडही मुरवावे लागते. ओला माल वापरला तर वाद्य तडकते आणि नाव जाते. म्हणून कारागिराला माल आधी घेऊन ठेवावा लागतो. पैसा आज जातो आणि परत येतो तो कित्येक महिन्यांनी.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका वाद्याला ६,००० रुपयांचा माल व ४,००० रुपये मजुरी लागते आणि महिन्याला ४ वाद्ये तयार होतात. सहा महिन्यांचा माल आधी घेतला तर २४ वाद्यांचे १,४४,००० रुपये अडकले. तयार वाद्ये दुकानदाराला तीन महिन्यांच्या उधारीवर दिली तर १२ वाद्यांचे, प्रत्येकी १०,००० प्रमाणे, आणखी १,२०,००० रुपये अडकले. एकूण २,६४,००० रुपये.

माल मुरविण्याची मुदत कमी करता येत नाही, ती निसर्गाची आहे. पण उधारीची मुदत माणसाने ठरविलेली आहे. ती तीन महिन्यांवरून एक महिन्यावर आणली तर उधारीत फक्त ४०,००० रुपये राहतील आणि ८०,००० रुपये मोकळे होतील. हे ८०,००० रुपये आपलेच आहेत. त्यावर कोणाला व्याज द्यावे लागत नाही, तारण ठेवावे लागत नाही. भांडवल नाही अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येक कारागिराने आधी आपली उधारीची वही उघडावी.

४) व्यवहार कागदावर आणा

आपल्याकडे "भरवशाचा माणूस आहे" म्हणून लिखापढी टाळली जाते. वास्तविक कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे, तो भावाभावांतील भांडण टाळण्याचा उपाय आहे.

भागीदारीतही हेच. एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम अशी मुजारबत करताना नफ्याची वाटणी टक्केवारीत ठरवावी, ठरावीक रक्कम बांधू नये. तोटा झाला आणि श्रम करणाऱ्याची हयगय नसेल तर तो भांडवलावर पडतो व श्रम करणाऱ्याची मेहनत वाया जाते. हे दोघांनाही आरंभीच ठाऊक असावे.

देशाचा कायदाही कागद असलेल्याच्याच बाजूने उभा राहतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करारातील मुदतीत दिले पाहिजेत आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करार नसेल तर १५ दिवस. पैसे अडल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. कायद्यात विलंबाबद्दल व्याजाचीही तरतूद आहे, परंतु ज्याला व्याज नको त्याला निदान आपली मूळ रक्कम मिळविण्याचा रस्ता आहे. त्यासाठी "उद्यम" नोंदणी लागते. २०२० पासून ही नोंदणी आधारच्या साहाय्याने ऑनलाइन होते व तिला सरकारी शुल्क नाही. "मी करून देतो" म्हणून शेकडो रुपये घेणाऱ्यांपासून सावध राहावे. मात्र लक्षात ठेवावे की हा लाभ उत्पादन व सेवा करणाऱ्यांसाठी आहे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच.

५) यंत्र आले तर आपले वेगळेपण ओळखा

१९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला आणि पुढे तोच आवाज मोबाइलमध्ये आला. रियाजापुरते ज्यांना हवे त्यांचे काम त्यावर भागू लागले. मिरजेच्या कारागिरावर आलेले हे दुसरे मोठे संकट. यंत्राशी किमतीत झुंजणे शक्य नाही. पण घोडीवर हाताने काढलेली जवारी, लाकूड-भोपळ्याचा नाद आणि गायकाच्या पट्टीप्रमाणे बनविलेले वाद्य यंत्र देऊ शकत नाही. तिथेच कारागिराचा भाव आहे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे बाहेर बनलेले वाद्य "मिरजेचे" म्हणून विकता येणार नाही. हे मानांकन एकट्या माणसाला मिळत नाही. कारागिरांनी संस्था करून अर्ज करावा लागतो, दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. शेजारचा कारागीर प्रतिस्पर्धी खरा, पण गावाचे नाव दोघांचे मिळून असते. एकाने ओल्या लाकडाचा माल विकला तर गल्लीतील सर्वांची पत जाते.

या आठवड्यात करावयाचे काम

वाचकांनी पुढील चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत:

१. माझ्या हातात असलेल्या हुन्नराला आजचे गिऱ्हाईक सोडून आणखी कोणाचे काम जमेल?

२. माझा पैसा मालात किती दिवस आणि उधारीत किती दिवस अडकतो?

३. येणे असलेल्या प्रत्येक रकमेचा कागद माझ्याकडे आहे काय?

४. माझ्या मालात असे काय आहे जे यंत्र किंवा बाहेरचा स्वस्त माल देऊ शकत नाही?

तलवारीला धार लावणाऱ्या हातांनी तंबोऱ्याच्या तारा जुळविल्या. त्यांच्यापुढे योजना नव्हत्या, बँका नव्हत्या. आपल्यापुढे निदान कायदा आणि कागद आहे. तेव्हा पुढच्या वेळी "भांडवल नाही" म्हणण्यापूर्वी वही उघडून पाहावी. कदाचित ते शेजारच्या दुकानदाराकडे उधारीत पडून असेल.