उंच हवेतील शोध

निरभ्र रात्री आकाशाकडे पाहत असता ‘तेथेही कोणी राहत असेल काय?’ हा प्रश्न ज्याच्या मनात कधी आला नाही, असा मनुष्य विरळाच. प्रश्न मनात येताच आपली कल्पना दूरदूरच्या ग्रहांकडे धाव घेते आणि तेथे चमत्कारिक रूपाची माणसे वसवू लागते. शास्त्रज्ञ इतकी घाई करीत नाहीत. आपल्या देशातील काही शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचे उत्तर पृथ्वीपासून अवघ्या ४१ किलोमीटर उंचीपर्यंत शोधून पाहिले, त्याची ही हकिकत आहे.

इंग्लंडमधील विख्यात खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचे असे मत होते की, जीवसृष्टीची बीजे पृथ्वीवर उत्पन्न झाली नसून ती धूमकेतूंबरोबर अवकाशातून येथे आली. इतकेच नव्हे, तर ती आजही येत आहेत. बहुतेक शास्त्रज्ञांना हे मत पटले नाही. परंतु एखादे मत पटत नाही म्हणून ते तपासूनच पाहू नये, असे थोडेच आहे? कोल्हापुरात जन्मलेले व केंब्रिज येथे हॉइल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी ते तपासण्याचे ठरविले. सूक्ष्मजंतू वरून खाली येत असतील, तर वातावरणाच्या उंच थरांत ते आढळले पाहिजेत. तेव्हा तेथील हवाच खाली आणून पाहावी!

बोलावयास हे सोपे. करणे मात्र महाकठीण. हवा तर सर्वत्र जंतूंनी भरलेली. हातावर जंतू, कपड्यांवर जंतू, यंत्रावरही जंतू. खालचाच एखादा जंतू नळकांड्यातून वर जाऊन परत आला, तर सारा प्रयोग फुकट! २००१ साली केलेल्या पहिल्या प्रयोगात जंतू सापडले होते. तरीही अधिक दक्षता घेऊन तो पुन्हा करण्यात आला, त्याचे कारण हेच.

हा दुसरा प्रयोग २००५ साली हैदराबाद येथे झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून एक प्रचंड फुगा आकाशात सोडण्यात आला. त्याने ४५९ किलोग्रॅम वजनाची सामग्री वर नेली. तिच्यात पोलादाची सोळा निर्जंतुक व निर्वात नळकांडी होती आणि ती अतिशीत अशा द्रवरूप निऑनमध्ये बुडविलेली होती. वर हवा फार विरळ असते. परंतु नळकांडे उघडताच आत शिरणारी हवा थंडीने गोठून जाई, आणि त्यामुळे तिच्या पाठोपाठ आणखी हवा आत ओढली जाई. २० ते ४१ किलोमीटर या उंचीवरील हवा अशा रीतीने भरून घेतल्यावर ही नळकांडी हवाईछत्रीने सुखरूप खाली उतरविण्यात आली. हैदराबाद व पुणे येथील दोन प्रयोगशाळांनी त्या हवेची स्वतंत्रपणे तपासणी केली.

२००९ साली निष्कर्ष जाहीर झाले. जीवाणूंच्या बारा व बुरशीच्या सहा वसाहती आढळल्या होत्या. त्यांतील तीन जीवाणू तोपर्यंत कोणासही ठाऊक नव्हते. एकास हॉइल यांचे, दुसऱ्यास भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे आणि तिसऱ्यास आर्यभटाचे नाव देण्यात आले. सूर्याच्या जंबुपार किरणांनी सामान्य जंतू मरून जातात. हे तिघे मात्र आपल्या पृथ्वीवरील जवळच्या भाईबंदांपेक्षा त्या किरणांना अधिक दाद न देणारे निघाले.

मग हे परलोकीचे पाहुणे ठरले काय? तसे ठरले नाही. हे जंतू पृथ्वीबाहेरून आले असे या प्रयोगाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे अवकाश संशोधन संस्थेनेच स्पष्ट केले. खालची धूळ इतक्या उंच जात नाही, असेही म्हणता येत नाही. १९९१ साली फिलिपाइन्समधील पिनातुबो ज्वालामुखीची राख सुमारे ३५ किलोमीटर वर गेली होती. शिवाय ‘नवा’ जंतू म्हणजे आपणांस नवा, एवढेच. मूठभर मातीतील सर्व जंतूंची तरी ओळख आपणांस कोठे पटली आहे?

पुढे गंमत अशी झाली की, आर्यभटाच्या नावाचा तो जीवाणू निरनिराळ्या देशांतील शेतजमिनीत, वनस्पतींच्या मुळांशी सापडू लागला. आता तो मातीतून वर गेला की वरून मातीत उतरला? डॉ. नारळीकर २०२५ साली निवर्तले, तोपर्यंतही या प्रश्नाचा निकाल लागलेला नव्हता.