राजगिऱ्याच्या दाण्याएवढा मावळा

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील अंगणांत आणि वाड्यांच्या ओसऱ्यांपुढे किल्ले उभे राहू लागतात. दगडविटांचा ढीग रचावा, त्यावर भिजलेले गोणपाट पसरावे, वरून चिखल थापावा आणि अळीव पेरावे, की चार दिवसांत हिरवागार डोंगर तयार होतो. मग बाजारातून मातीचे मावळे येतात. कोणी बुरुजावर पहारा करतो, कोणी दरवाजाशी उभा राहतो. बालमित्रांनो, असा किल्ला तुम्हीही केला असेल. पण बुरुजावरचा मावळा बुरुजाहून उंच आणि दारातला पहारेकरी दाराहून मोठा, हे तुमच्या कधी ध्यानात आले आहे काय? आमच्याही ते आले नव्हते. ते कसे आले, त्याचीच ही हकिकत.

त्या वर्षी आमच्या वर्गाने शाळेच्या अंगणात सिंहगड करावयाचे ठरविले. आम्ही मोठ्या उत्साहाने ही गोष्ट गुरुजींच्या कानावर घातली. ते म्हणाले, "किल्ला करणार, की सिंहगड करणार?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो.

"कोणताही डोंगर चालत असेल, तर मातीचा ढीग पुरे," गुरुजी म्हणाले. "पण सिंहगडच हवा असेल, तर प्रत्येक मूठ माती सिंहगडाला विचारून लावावी लागेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भारतीय सर्वेक्षण विभागाचा एक नकाशा वर्गात आणला. नकाशाच्या तळाशी १ : ५०,००० असे लिहिले होते. "हे ह्या नकाशाचे प्रमाण," गुरुजी सांगू लागले. "कागदावरील १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०,००० सेंटिमीटर, म्हणजेच ५०० मीटर. आता आपल्या गडाचे प्रमाण ठरवू. ते १ : २,००० धरले, तर आपला १ सेंटिमीटर म्हणजे २,००० सेंटिमीटर, म्हणजे २० मीटर होईल. मग नकाशावरचा १ सेंटिमीटर आपल्या अंगणात किती?"

आम्ही हिशेब केला. नकाशाच्या १ सेंटिमीटरमध्ये ५०० मीटर सामावतात. आमच्या १ सेंटिमीटरमध्ये २० मीटर. ५०० भागिले २० म्हणजे २५. नकाशावरील प्रत्येक लांबीस २५ ने गुणले की अंगणातील लांबी मिळणार! एका प्रमाणातून दुसऱ्या प्रमाणात जाण्याची किल्ली आमच्या हाती आली.

गुरुजींनी नकाशावर गडाभोवती ६ सेंटिमीटर लांब आणि ४.८ सेंटिमीटर रुंद अशी चौकट आखली आणि तीत ४ मिलिमीटरचे चौकोन पाडले. ४ मिलिमीटर गुणिले २५ म्हणजे १० सेंटिमीटर. म्हणून आम्ही अंगणात चुन्याने १० सेंटिमीटरचे चौकोन आखले. चौकट १५० सेंटिमीटर लांब आणि १२० सेंटिमीटर रुंद झाली. नकाशाच्या ज्या चौकोनातून जी रेषा जाई, ती अंगणातील त्याच चौकोनातून काढावयाची, हे काम सोपे होते. गडाच्या पूर्वेस पुढे जाणारी डोंगररांग मात्र चौकटीपाशी कापली गेली.

नकाशावर डोंगराभोवती तपकिरी रंगाच्या वेड्यावाकड्या रेषा होत्या. सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या ह्या समोच्च रेषा. ह्या नकाशात दोन लगतच्या रेषांमधील उंचीचे अंतर २० मीटर असते. २० मीटर म्हणजे आमचा १ सेंटिमीटर! तेव्हा दर रेषेला १ सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर द्यावा, म्हणजे डोंगर आपोआप आपल्या आकाराने वर येईल. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३१२ मीटर आणि पायथ्यापासून सुमारे ७६० मीटर उंच आहे. ७६० भागिले २० म्हणजे ३८. अडतीस थर, आणि गड ३८ सेंटिमीटर उंच.

पण गुरुजींनी आधी १ : ४,००० ह्या प्रमाणात एक लहान नमुना करावयास सांगितले. तो मोठ्या गडाच्या निम्मा लांब, निम्मा रुंद आणि निम्मा उंच होता. त्याला चार घमेली माती लागली. मोठा गड दुप्पट, म्हणून आम्ही आठ घमेली माती आणली आणि निर्धास्तपणे कामास लागलो. पाचव्या थरालाच सगळी घमेली रिकामी झाली. अजून तेहेतीस थर बाकी होते! माती आणणाऱ्या मुलांनी थापणाऱ्यांना दोष दिला, थापणाऱ्यांनी आणणाऱ्यांना.

गुरुजींनी भांडण मिटविले नाही. त्यांनी ओल्या मातीचे आठ सारखे ठोकळे करविले. एक ठोकळा बाजूस ठेवला आणि विचारले, "ह्याच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच ठोकळा रचावयाचा आहे. किती ठोकळे लागतील?" लांबीसाठी दोन मांडले. रुंदीसाठी त्यांच्या शेजारी आणखी दोन. उंचीसाठी ह्या चारांवर आणखी चार. आठही ठोकळे संपले!

"लांबी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते आणि घनफळ आठपट," गुरुजी म्हणाले. "दोरीने मोजावयाची वस्तू, चटईने झाकावयाची वस्तू आणि घमेल्याने भरावयाची वस्तू, ह्या तिन्हींना एकच गुणक लावू नये." चार गुणिले आठ म्हणजे बत्तीस. चोवीस घमेली माती आणखी हवी होती. दोष माणसांचा नव्हता, हिशेबाचा होता, हे कळल्यावर सर्वांचा जीव भांड्यात पडला आणि आम्ही पुन्हा घमेली उचलली.

चार दिवसांनी गड पुरा झाला. पश्चिमेकडचा तो प्रसिद्ध कडा तर इतका सरळसोट उतरला की आम्हीच पाहत राहिलो. नकाशात तेथे रेषा अगदी एकमेकींना चिकटून होत्या. म्हणून थरही एकावर एक भिंतीसारखे आले. आमच्यापैकी एकाने आपल्या खाऊच्या पैशांतून एक सुंदर मावळा आणला होता. पाठीवर ढाल, हातात तलवार. त्याने तो कड्याच्या पायथ्याशी उभा केला. आम्ही टाळ्या वाजविल्या.

गुरुजी जवळ आले आणि त्यांनी मावळ्याशेजारी पट्टी धरली. मावळा ८ सेंटिमीटर उंच होता.

"आठ गुणिले दोन हजार?"

"सोळा हजार सेंटिमीटर, गुरुजी."

"म्हणजे किती मीटर?"

"एकशे साठ."

"एकशे साठ मीटर उंचीचा माणूस! असे पाच जण एकमेकांच्या डोक्यांवर उभे राहिले, तर पाचवा गडाच्या माथ्यापलीकडे डोकावून पाहील." आम्ही हसलो, पण गुरुजी हसले नाहीत. ते कड्याकडे पाहत होते. "४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आपल्या मावळ्यांसह काळोखात कडा चढून ह्या गडावर गेले. हा कडा तर तुमच्या मावळ्याच्या कमरेला लागतो आहे. त्याला दोर कशाला हवा? तो नुसता पाय उचलून गडावर जाईल. अरे, तुम्ही मावळा मोठा केलात आणि पराक्रम लहान केलात."

सर्वांनी माना खाली घातल्या. ज्याने मावळा आणला होता, त्याने तो हळूच उचलून खिशात ठेवला. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "गुरुजी, मग खरा मावळा केवढा असेल?"

१६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस धरला. १६५ भागिले २,००० म्हणजे ०.०८२५ सेंटिमीटर. एक मिलिमीटरसुद्धा नाही! एवढा लहान माणूस घडवावयाचा कसा? रात्रभर आम्ही विचार केला. सकाळी वर्गातील एक मुलगी घरातून कागदाची पुडी घेऊन आली. तीत राजगिरा होता. राजगिऱ्याचा दाणा सुमारे १ मिलिमीटरचा. आमच्या मावळ्याला तो अगदी शोभला. ओल्या मातीच्या कड्यावर आम्ही सुईच्या टोकाने एकेक दाणा चिकटवीत गेलो. खालून वरपर्यंत दाण्यांची एक नाजूक ओळ तयार झाली.

दिवाळीत पुष्कळ लोक किल्ला पाहावयास आले. "मावळे कोठे आहेत?" असे प्रत्येक जण विचारी. आम्ही त्याच्या हाती भिंग देत असू. तो वाकून आधी दाणा पाही, मग त्याची नजर हळूहळू कड्यावरून वर चढे, आणि तो गप्प होई. तेव्हा कोणाला काही सांगावे लागत नसे.

सुट्टी संपल्यावर गुरुजी आम्हांस खऱ्या सिंहगडावर घेऊन गेले. माथ्यावरून खाली खडकवासल्याचा जलाशय चकाकत होता. त्याकडे बोट दाखवून गुरुजी म्हणाले, "तेथे खडकवासल्यास मोठी माणसेही प्रतिकृती करतात, पण त्यांची खेळणी पाण्याची आहेत." १९१६ साली त्या वेळच्या मुंबई इलाख्याने सुरू केलेली ती संस्था आज केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखली जाते. धरण, बंदर किंवा नदीवरचा पूल बांधण्यापूर्वी तेथे त्याची लहान प्रतिकृती करून तीत पाणी सोडतात आणि पाणी काय करते ते पाहतात.

पाण्याचा हिशेब मातीहून अवघड आहे, कारण पाणी धावते. गुरुजींनी तो दगडाच्या उदाहरणाने समजावून दिला. २० मीटर उंचीवरून सोडलेल्या दगडास जमिनीवर पोचावयास सुमारे २ सेकंद लागतात. २० सेंटिमीटरवरून सोडलेल्या दगडास सुमारे ०.२ सेकंद लागतो. उंची शंभरपट कमी झाली, पण वेळ दहापटच कमी झाला. दहा गुणिले दहा म्हणजे शंभर, हे येथील रहस्य आहे. म्हणून १ : १०० प्रमाणाच्या प्रतिकृतीत दहा तासांचा पूर एका तासात ओसरतो आणि पाण्याचा वेगही दहापट कमी असतो.

मग पाणी किती सोडावयाचे? नदीची रुंदी शंभरपट कमी, खोली शंभरपट कमी आणि वेग दहापट कमी. शंभर गुणिले शंभर गुणिले दहा म्हणजे एक लाख. खऱ्या नदीला सेकंदास १०,००० घनमीटर पाण्याचा पूर येत असेल, तर प्रतिकृतीत सेकंदास ०.१ घनमीटर, म्हणजे अवघे १०० लिटर पाणी पुरते. जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यात ओढून खऱ्या जहाजाचा हिशेब कसा करावा, हे एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड (१८१०–१८७९) ह्या इंग्रज अभियंत्याने दाखवून दिले. धावत्या पाण्याच्या ह्या नियमास आजही त्याचेच नाव आहे.

"आणि हा गुणक चुकला तर?" एकाने विचारले.

"तुमचा चुकला तेव्हा चोवीस घमेली माती कमी पडली," गुरुजी म्हणाले. "त्यांचा चुकला, तर धरणाची दारे अपुरी पडतील आणि पुराचे पाणी गावांत शिरेल."

परतताना एकाने शंका काढली, "गुरुजी, आपला गड थोडा अधिक उंच केला असता, तर अधिक भव्य दिसला नसता का?"

"दिसला असता," गुरुजी म्हणाले. "तसे करण्यास बंदीही नाही. लांबलचक नदीची प्रतिकृती करताना सगळीच मापे सारखी लहान केली, तर पाण्याचा थर इतका पातळ होतो की ते नदीसारखे वाहतच नाही. म्हणून खोलीसाठी वेगळे प्रमाण घेतात. मात्र ते प्रमाण लिहून ठेवतात आणि हिशेबात धरतात. बदल करावा, पण तो लपवू नये."

दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्यापुढे एक पाटी लावली. तीवर लिहिले होते : सिंहगड. प्रमाण १ : २,०००. उंचीचे प्रमाण तेच. मावळे राजगिऱ्याचे.

पुढच्या पावसात तो गड विरघळून गेला. त्या मित्राने मातीचा मावळा मात्र जपून ठेवला आहे. त्याच्या तळाशी त्याने शाईने लिहिले आहे : उंची १६० मीटर.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नकाशावरील लांबीस २५ ने का गुणावे लागले?
(आ) आठ घमेली माती का पुरली नाही?
(इ) कड्याच्या ठिकाणी नकाशातील रेषा एकमेकींजवळ का असतात?

२. "तुम्ही मावळा मोठा केलात आणि पराक्रम लहान केलात," ह्या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा.

३. हिशेब करा.
(अ) एक बुरूज १२ मीटर उंच आहे. १ : २०० प्रमाणाच्या प्रतिकृतीत त्याची उंची किती होईल?
(आ) १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन गावांत ७ सेंटिमीटर अंतर आहे. खरे अंतर किती किलोमीटर?
(इ) १ : ३०० प्रमाणाच्या देवळाच्या प्रतिकृतीस एक घमेले माती लागली. तीच प्रतिकृती १ : १०० प्रमाणात केली, तर किती घमेली लागतील?

४. वाक्यांत उपयोग करा : कानावर घालणे, जीव भांड्यात पडणे, मान खाली घालणे.

५. उपक्रम : आपल्या वर्गखोलीची लांबी, रुंदी व उंची मोजा. १ : ५० प्रमाणात पुठ्ठ्याची प्रतिकृती करा आणि तीत त्याच प्रमाणाचा एक विद्यार्थी उभा करा. प्रतिकृतीखाली प्रमाण लिहावयास विसरू नका.