रोजच्या रस्त्याला किती घोडे पुरतात?

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की घरातले, गल्लीतले आणि मेसमधले लोक एक प्रश्न हमखास विचारतात. "तू मेकॅनिकलचा ना? मग सांग, कोणती गाडी घेऊ?" फर्स्ट इयरला आपल्याला स्पॅनर कसा धरायचा तेही माहीत नसतं, पण उत्तर द्यावं लागतं. थर्ड इयरपर्यंत येताना आयसी इंजिन्स हा विषय एकदा डोक्यावरून गेलेला असतो, तेव्हा निदान उत्तर आकड्यांत मांडता यावं. या लेखात तेवढंच केलं आहे.

प्रश्न खरा आहे आणि पैसेही खरे आहेत. माझ्या रूम पार्टनरचा मोठा भाऊ पुंडलिकनगरला राहतो, शेंद्रा एमआयडीसीत नोकरीला आहे. गाव मेहकरकडचं. आतापर्यंत मोटारसायकल चालवली, आता सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया घ्यायची म्हणतो. त्याच्यासमोर दोन गाड्या होत्या, दोन्ही २०१७ नंतरच्या. एक १.८ टीएसआय आणि दुसरी आरएस. त्याला सांगितलेल्या किमतींत सहा लाखांचा फरक. सहा लाख कर्जाने काढले, व्याज १२ टक्के आणि मुदत पाच वर्षं धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण १३,३०० रुपये वाढतो. रूम पार्टनरची फी आणि मेसबिल याच भावाच्या पगारातून येतं. त्यामुळे या चर्चेत त्याला दोन मतं द्यावीत असा ठराव आम्ही एकमताने पास केला.

ऑक्टाव्हियाच का, हे या शहरात सांगायला नको. २००१ साली तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि तिथे सगळ्यात आधी हीच गाडी जोडली गेली. २००४ मध्ये पहिली आरएस आली. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएस. त्या काळी आपल्याकडे टर्बो म्हटलं की डिझेल, त्यामुळे तिचं अप्रूप फार. पुढे २०१७ ला २३० पीएसची आरएस आली, शोरूम किंमत २४.६२ लाख. त्याच वर्षी साधी ऑक्टाव्हिया १५.४९ लाखांपासून मिळत होती. २०२० च्या आरएस २४५ च्या फक्त २०० गाड्या आल्या, त्या पूर्ण तयार होऊनच. २०२३ ला ऑक्टाव्हियाचं इथलं उत्पादन बंद झालं. आता शोधायची ती सेकंडहँडच. आरएस ही 'स्पोर्ट्स कार' का, असा वाद कोणी घालेल. चार दरवाजे आणि पोतंभर ज्वारी बसेल एवढी डिकी असलेल्या गाडीला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. इंजिनाचा प्रश्न त्याने बदलत नाही.

आता आकडे. आरएस : १९८४ सीसी, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर. १.८ : १७९८ सीसी, १८० पीएस, २५० न्यूटन मीटर. आणि एक तिसरी, जिच्याकडे भावाने ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ती बेस १.४ : १३९५ सीसी, १५० पीएस, टॉर्क पुन्हा २५० न्यूटन मीटर. १.४ आणि १.८ चा टॉर्क सारखाच कसा, हा प्रश्न इथेच पडायला हवा. त्याचं उत्तर पुढे येतं.

आधी एक जुनं सूत्र. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. किलोवॅटमध्ये हवी असेल तर त्या गुणाकाराला ९५४९ ने भागायचं. आरएसचे ३५० न्यूटन मीटर ४६०० आरपीएमपर्यंत टिकतात. गुणून बघा, १६८.६ किलोवॅट येतात, म्हणजे जवळजवळ बरोबर २३० पीएस. याचा अर्थ सरळ आहे. ज्या २३० घोड्यांचे पैसे मोजायचे ते साडेचार हजार आरपीएमच्या वरच्या तबेल्यात बांधलेले आहेत. २००० आरपीएमला हीच गाडी फक्त १०० पीएस देऊ शकते, आणि २५० न्यूटन मीटरवाली ७१ पीएस.

मग रोजच्या रस्त्याला लागतात किती? भावाचा रस्ता बघू. पुंडलिकनगरातून निघायचं, जालना रोडला लागायचं, मुकुंदवाडी, चिकलठाणा, केंब्रिज चौक करत शेंद्रा. माणसांसकट गाडीचं वजन १५०० किलो धरा. रोलिंग रेझिस्टन्सचा कोएफिशंट ०.०१२, ड्रॅग कोएफिशंट ०.३ आणि समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर. हे आकडे मी सोयीचे घेतले आहेत, थोडे इकडेतिकडे झाले तरी निष्कर्ष हलत नाही. सपाट रस्त्यावर ४० च्या स्पीडला गाडी चालती ठेवायला लागते अडीच किलोवॅट, म्हणजे साडेतीन पीएसच्या आत. स्प्लेंडरच्या निम्मीही नाही! ६० ला साडेसहा पीएस. समृद्धी महामार्गावर कारला कमाल १२० ची परवानगी आहे, तिथे हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढलेला असतो, तरी हिशेब २८ पीएसवर थांबतो. गिअरबॉक्सचा तोटा आणि एसी धरून ३५ म्हणा.

इथे कोणी म्हणेल की गाडी नुसती चालती ठेवायची नसते, पळवायचीही असते. बरोबर आहे. आधी सिग्नल घ्या. एक गाडी शून्यावरून ५० ला तीन सेकंदांत जाते, दुसरी पाच. पुढच्या सिग्नलपर्यंत दोघी ५० नेच जाणार असतील तर पहिली गाडी दोन नव्हे, एकच सेकंद आधी पोचते. कागदावर वेग-काळाचा आलेख काढा, त्रिकोणाचं क्षेत्रफळ लगेच सांगेल. आणि पोचून करते काय, तर लाल दिव्याला उभी राहते. शेजारी रिक्षा.

शिवाय पहिल्या गिअरमध्ये टायर काय म्हणतो तेही बघायला हवं. या गाड्यांना पुढची चाकं ओढतात. १५०० पैकी ९०० किलो पुढच्या एक्सलवर धरले, तर कोरड्या रस्त्यावर घर्षणाची मर्यादा फार तर आठ हजार न्यूटन. एकूण गिअर रेशो दोघींना १३ आणि चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर धरून २५० न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क चाकापर्यंत नेला, तर तोटा वजा जाता नऊ हजारांच्या वर बल येतं. म्हणजे बेस इंजिनाचाच पूर्ण टॉर्क पहिल्या गिअरमध्ये टायरला झेपत नाही! आरएसचे जादा १०० न्यूटन मीटर तिथे ट्रॅक्शन कंट्रोल कापून टाकतो. जुलैच्या पावसात तर ही मर्यादा निम्म्यावर येते.

ओव्हरटेकिंग मात्र गंभीर विषय आहे आणि तिथे आरएसच्या बाजूने प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. मेहकरला समृद्धीवरून उतरलं की पुढे गावापर्यंत दोनपदरी रस्ता. ऊसाची किंवा कापसाची गाडी पुढे, समोरून एसटी. ४० वरून ८० ला पाच सेकंदांत जायचं असेल तर गतिज ऊर्जेतला फरक २७८ किलोज्यूल आहे. भागिले पाच, अधिक हवा आणि टायरचा विरोध, अधिक गिअरबॉक्सचा तोटा, मिळून इंजिनाकडून सरासरी ७१ किलोवॅट हवेत, म्हणजे साधारण ९७ पीएस. आरएस हे १९५० आरपीएमलाच देते. गिअर न बदलता, नुसता पाय दाबला की झालं. २५० न्यूटन मीटरच्या गाडीला त्यासाठी २७०० आरपीएमवर यावं लागतं. म्हणजे एक गिअर खाली टाकायचा. आरएसचा रोजच्या वापरातला खरा फायदा हा एवढाच, एका गिअरचा. तो नाकारण्यात अर्थ नाही, पण ज्याला गिअर खाली टाकून ओव्हरटेक करायची सवय आहे (मोटारसायकलवाल्याला असतेच) त्याला त्यासाठी सहा लाख मोजायची गरज नाही.

इथवर हिशेब झाल्यावर मेसमध्ये सगळ्यांचं मत पडलं, १.८ घ्या. पण इंजिनाच्या मागे काय जोडलंय ते अजून कोणी पाहिलंच नव्हतं.

मघाचा सारखा टॉर्क आठवा. १.८ च्या इंजिनात २५० पेक्षा जास्त दम नक्की आहे. त्याच काळात सुपर्बला हेच १८० पीएसचं १.८ इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत ३२० न्यूटन मीटर देत होतं आणि डीएसजीसोबत २५०. इंजिन तेच, मग ७० न्यूटन मीटर गेले कुठे? ते मुद्दाम रोखलेत. सात गिअरच्या त्या डीएसजीत दोन कोरडे क्लच असतात आणि त्याची क्षमता २५० न्यूटन मीटरपर्यंतची. आरएसचा सहा गिअरचा डीएसजी वेगळा. त्यातले क्लच तेलात बुडालेले असतात आणि तो ३५० पर्यंत झेपतो. आरएसचा टॉर्क नेमका ३५० वर थांबतो, हा योगायोग नाही.

ट्रॅफिकमध्ये हा फरक इंजिनापेक्षा मोठा ठरतो. गाडी चालण्याच्या वेगाने सरकत असते तेव्हा क्लच पूर्ण जुळलेला नसतो, घसरत असतो. घसरण म्हणजे उष्णता. ओल्या क्लचची उष्णता तेल वाहून नेतं. कोरड्याची हवेत जाईल तेवढीच, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच चाळिशीच्या वर. सिग्नलला इंच इंच सरकवणाऱ्यांचे कोरडे क्लच लवकर जळतात ते यामुळे. याच सात गिअरच्या गिअरबॉक्ससाठी २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातून १६ लाख गाड्या परत बोलावून आतलं सिंथेटिक तेल बदलून खनिज तेल भरलं होतं, कारण उष्ण आणि दमट हवेत इलेक्ट्रिकल बिघाड होत होते. २०१७ ची गाडी त्यानंतरची आहे हे खरं, पण क्लच कोरडेच आहेत. ओल्या डीएसजीलाही खर्च चुकत नाही. दर ६०,००० किलोमीटरला त्याचं तेल आणि फिल्टर बदलावे लागतात आणि सेकंडहँड घेताना मागच्या मालकाने ते बदलले का, हे बिल बघूनच मानायचं.

म्हणजे गंमत बघा. शहरातल्या ट्रॅफिकला जास्त सोशिक गिअरबॉक्स आरएसकडे आहे आणि 'रोजची' म्हणून सुचवलेल्या १.८ कडे नाजूक. यावरून रूम पार्टनरचा चेहरा उतरला, कारण चर्चा परत आरएसकडे झुकायला लागली. तेव्हा मी १.४ काढली.

२०१७ च्या १.४ ला सहा गिअरचा साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. तिचे २५० न्यूटन मीटर १५०० ते ३५०० आरपीएममध्ये मिळतात. १.८ चे १२५० ते ५०००. म्हणजे ३५०० च्या खाली दोन्ही इंजिनं जवळपास सारखीच ओढतात, आणि पुंडलिकनगर ते शेंद्रा काटा ३५०० च्या वर जायचं कारण नाही. जादा ३० पीएस सगळे त्याच्या वर. ओव्हरटेकला लागणारे २७०० आरपीएम हिच्या पट्ट्यात आरामात बसतात. लहान इंजिनाचा आणखी एक फायदा थर्मोच्या पेपरात येतो पण शोरूममध्ये कोणी सांगत नाही. पेट्रोल इंजिन कमी लोडवर थ्रॉटल मिटून चालतं आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यातच ताकद घालवतं. पाच-सहा पीएस हवे असताना दोन लिटरचं इंजिन जास्त मिटलेलं राहतं, १.४ त्यामानाने उघडं. पेट्रोलचा फरक तिथे पडतो. विम्याचाही आहे. थर्ड पार्टीच्या २०२२ च्या दरपत्रकात १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७. १.८ आणि आरएस दोन्ही त्या रेघेच्या पलीकडे.

सस्पेन्शनचं थोडक्यात. आरएस बेसपेक्षा खाली बसवलेली आणि कडक आहे. वळणावर मजा, पण कॉलनीतल्या हौशी स्पीडब्रेकरवर पोट घासायची भीती. टायरवरचे आकडे वाचायला शिका. २०५/५५ आर १६ म्हणजे रबराची भिंत ११३ मिलीमीटर, २२५/४५ आर १७ म्हणजे १०१. बारा मिलीमीटर ऐकायला कमी वाटतात, खड्ड्यात रिम वाकली की कळतात.

या सगळ्यावर भावाचं एकच उत्तर होतं, "पण रोज क्लच दाबायचा कंटाळा येतो रे." हा मुद्दा सूत्रात बसत नाही, म्हणून खोटा ठरत नाही. रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्याला किंवा ज्याचा गुडघा दुखतो त्याला मी १.४ सुचवणार नाही. त्याने ओल्या क्लचची गाडी शोधावी, मग ती आरएस असली तरी चालेल. पण शेंद्र्याची पहिली शिफ्ट असलेला माणूस सकाळी रिकाम्या रस्त्याने जातो आणि शाळा-ऑफिसची गर्दी व्हायच्या आत परततो. त्याने १.४ घ्यावी असं माझं मत आहे, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं. आरएसची हौस असेल तर ती जरूर करावी, फक्त 'रोजच्या वापराला बरी पडते' असं घरच्यांना सांगून करू नये.

रविवारी तो १.४ बघायला जाणार आहे आणि आम्ही दोघं सोबत. इंजिन थंड असताना स्टार्ट करायचं आहे. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत यायचं. हे इंजिन टायमिंग बेल्टचं आहे, १.८ आणि आरएससारखं चेनचं नाही, म्हणून बेल्ट कधी तपासला ते विचारायचं. तेलाच्या बिलावर ग्रेड लिहिलेली बघायची, कारण टर्बोचं बेअरिंग त्या तेलावरच जगतं. मग तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून पूर्ण पाय दाबायचा. काटा झपकन वर गेला आणि गाडी मागेच राहिली, तर क्लच घसरतोय, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागायचे.