घरच्या घरी राजहंसाची पिल्ले : धंदा आणि हिशोब

उर्दू बोलणाऱ्या घरांत ज्याला काज म्हणतात तो मराठीतला राजहंस. याची पिल्ले घरी उबवून विकणे हा जोडधंदा कारागीर कुटुंबांना जमण्यासारखा आहे. भांडवल थोडे लागते, जागा म्हणजे एक अंगण. परंतु नव्याने सुरू करणारे बंधू अंड्यांची संख्या गुणिले पिल्लाचा भाव असा हिशोब मांडतात, तो चुकीचा आहे. आम्ही कापडाचे व्यापारी गठ्ठा उघडून डागी माल वेगळा काढल्याशिवाय भाव धरीत नाही. येथेही तीन आठवड्यांचे, पायावर धड चालणारे पिल्लू हाच विक्रीचा नग समजावा.

समजा १० अंडी ठेवली. त्यातील २ रिकामी निघाली, १ कवचातच मेले, १ पिल्लू पहिल्या आठवड्यात गेले, तर हाती ६ राहतात. अंडी, वीज व खाद्य यांचा सारा खर्च या सहांवर वाटला पाहिजे.

राजहंस कोंबडीसारखा वर्षभर अंडी देत नाही. आपल्याकडे हिवाळा हाच त्याचा मुख्य हंगाम. पहिल्या वर्षाच्या मादीची अंडी कमी फळतात, म्हणून दुसऱ्या वर्षापुढच्या मादीची घ्यावीत. अंडी धुऊ नयेत, आठवड्यापेक्षा जास्त साठवू नयेत.

उबवण्यास साधारण २८ ते ३१ दिवस लागतात. खुडूक कोंबडीखाली ४ ते ६ अंडी मावतात, पण त्यात दोन अडचणी आहेत. एक, अंडे इतके जड की कोंबडीला ते फिरवता येत नाही. पेन्सिलीने खूण करून, ती दाणे टिपायला उठली की आपणच दिवसातून तीन-चार वेळा फिरवावे. दुसरी अशी की कोंबडीची स्वतःची मुदत २१ दिवसांची. त्यानंतर एखादी कंटाळून उठून जाते आणि शेवटच्या आठवड्यात सारी अंडी थंड पडतात. त्यासाठी दुसरी खुडूक कोंबडी हाताशी असावी.

पंख्याच्या यंत्रात उष्णता ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावी व अंडी आडवी ठेवावीत. पहिल्या आठवड्यानंतर रोज दहा-पंधरा मिनिटे झाकण उघडून अंडी थंड होऊ द्यावीत आणि कोमट पाणी शिंपडावे. मादीही रोज थोडा वेळ घरट्यावरून उठते आणि ओल्या पिसांनी परत बसते, तेच आपण करतो. आठव्या ते दहाव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडे पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर ठेवावे. साफ दिसले तर काढून टाकावे. शेवटचे तीन दिवस फिरवणे बंद करावे व पाण्याची वाफ वाढवावी. टोच मारल्यावर पिल्लू बाहेर येण्यास एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. घाईने कवच सोलल्यास रक्त येऊन पिल्लू मरते. लोडशेडिंगच्या गावात बॅटरीची सोय केल्याशिवाय यंत्र घेऊ नये.

खरे नुकसान यानंतर होते. पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला ३ अंश कमी करावे. एलईडी दिवा ऊब देत नाही. तारेचा जुना बल्बच हवा. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजते आहे, दूर जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर गरमी होते आहे. खाली वर्तमानपत्र अंथरू नये, त्यावर पाय घसरून फाकतात. गोणपाट किंवा भाताचे तूस घालावे. पाण्याचे भांडे चोच व नाकपुड्या बुडतील इतके खोल असावे, पण पिल्लाला आत उतरता येऊ नये. आईच्या पंखाखाली वाढलेल्या पिल्लाला तिच्या पिसांचे तेल मिळते. यंत्रातले पिल्लू भिजले की गारठून मरते.

कोंबडीच्या पिल्लांचे औषध घातलेले खाद्य देऊ नये. औषधाचे प्रमाण कोंबडीच्या मानाने असते आणि हे पिल्लू खाते कितीतरी जास्त. साधे खाद्य द्यावे व त्यात थोडे यीस्ट मिसळावे, कारण नायसिन कमी पडल्यास पाय वाकतात. तिसऱ्या दिवसापासून बारीक चिरलेली हराळी किंवा लसूणघास द्यावा. गवतावर हा पक्षी चांगला पोसतो, त्यामुळे पुढचा खर्च बराच वाचतो. कोंबड्यांपासून खुराडे वेगळे ठेवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. पाणपक्षी हा रोग वाहून नेऊ शकतात.

आता विक्री. गिऱ्हाईक बहुधा शेतघरवाले व बागवाले, राखणीसाठी नेणारे. हा पक्षी अनोळखी माणसाला पाहून मोठ्याने ओरडतो ही गोष्ट खरी. (दाट मोहल्ल्यात राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांना आधी विचारावे.) परंतु “हा पाळला की साप येत नाही” असे सांगून भाव वाढवणारेही आहेत. ज्याची खात्री आपल्याला नाही ते सांगून माल विकू नये. तसेच जोडीचे. लहानपणी नर-मादी नुसते पाहून ओळखता येत नाहीत, माहितगार मनुष्य तपासूनच सांगू शकतो. तपासलेले नसेल तर “दोन पिल्ले” म्हणून विकावीत, “जोडी” म्हणून नव्हे.

अंडी यंत्रात असतानाच पिल्लांचे पैसे घेण्याची पद्धत सर्वांत घातक आहे. ज्यात गरर म्हणजे अनिश्चिततेचा धोका आहे अशा विक्रीस हदीसमध्ये मनाई आहे. रक्कम आधी देऊन मुदतीवर माल घेण्याचा बैअ-ए-सलम शरीअतमध्ये आहे, परंतु जनावरांच्या बाबतीत हनफी फिकह त्याला परवानगी देत नाही. शाफई फिकह शर्तींसह देते. कोकणातील बंधू बहुतेक शाफई, घाटावरील बहुतेक हनफी, म्हणून आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. तोपर्यंत गिऱ्हाइकाचे नाव व फोन वहीत लिहून ठेवावा, पैसे घेऊ नयेत. पिल्ले तीन आठवड्यांची झाली की निरोप द्यावा आणि चार दिवस पुरेल इतके खाद्य सोबत बांधून द्यावे. जागा व खाद्य एकदम बदलले की पिल्लू मलूल पडते आणि तक्रार विकणाऱ्याकडे येते.