शास्त्रज्ञाच्या कार्याचे मोजमाप

निपाणीच्या बाजारपेठेत तंबाखूचा बोद काट्यावर चढतो तेव्हा प्रथम त्याचे वजन होते. पण केवळ वजनावरून त्याची किंमत ठरत नाही. जाणता व्यापारी मूठभर माल हातात घेतो, त्याचा रंग पाहतो, वास घेतो आणि मगच भाव बोलतो. वजन आणि प्रत अशी ही दोन मापे आहेत. शास्त्रज्ञाच्या कार्यालाही ही दोन मापे लावण्याचा प्रयत्न गेली कित्येक वर्षे चालू आहे. तो कसा केला जातो, त्यातून काय हाती लागते आणि काय निसटते, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. संशोधकाची नेमणूक, त्याची बढती, त्याच्या प्रयोगशाळेला मिळणारे अनुदान या साऱ्या गोष्टी अशा मोजमापावर पुष्कळ अंशी अवलंबून असतात. आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली महाविद्यालयीन अध्यापकांच्या कार्याला गुण देण्याची पद्धत नियमांत आणली. त्यात शोधनिबंधांनाही गुण होते. २०१८ च्या नियमावलीत त्या पद्धतीत बदल झाले, तरी अंकांचे महत्त्व ओसरले नाही. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी जे पुढे संशोधनाच्या वाटेने जातील त्यांना हे माप लागणारच. म्हणून ते आजच समजून घेणे बरे.

सर्वांत सोपे माप म्हणजे संख्या. संशोधकाला जे नवे आढळते ते तो शोधनिबंधाच्या रूपाने एखाद्या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध करतो. त्या विषयाचे जाणकार निबंध आधी तपासतात व मग तो छापला जातो. असे निबंध किती, हे मोजता येते. हंगेरीचे गणिती पॉल एर्डिश यांनी सुमारे १५०० निबंध लिहिले. परंतु संख्येवरून उद्योग कळतो, मोल कळत नाही. आणि संख्येलाच बक्षीस मिळू लागले की एका निबंधाचे चार तुकडे करण्याचा मोह होतो.

म्हणून दुसरे माप पुढे आले, ते संदर्भोल्लेखांचे. प्रत्येक निबंधाच्या शेवटी लेखक आपण कोणाकोणाच्या कार्याचा आधार घेतला याची यादी देतो. ही विद्येच्या क्षेत्रातील ऋण मान्य करण्याची रीत होय. एखाद्या निबंधाचा उल्लेख नंतरच्या किती निबंधांत झाला हे मोजले, तर त्याचा उपयोग इतरांना किती झाला याचा अंदाज येतो. ही कल्पना मूळची वकिलांची. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड याने १८७३ पासून, कोणत्या जुन्या निवाड्याचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला, याच्या सूची काढल्या. त्याच धर्तीवर विज्ञानासाठी सूची करावी असे युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली सुचविले आणि १९६४ पासून तशी सूची नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागली. आज हे काम संगणक क्षणार्धात करतो.

संख्या आणि उल्लेख या दोहोंचा मेळ घालणारे एक माप २००५ साली कॅलिफोर्नियातील पदार्थवैज्ञानिक जॉर्ज हिर्श यांनी सुचविले. त्यास एच-निर्देशांक म्हणतात. तो काढण्यास तुमचे अंकगणित पुरेसे आहे. समजा, एका संशोधकाने सहा निबंध लिहिले आणि त्यांचे उल्लेख अनुक्रमे २५, १२, ७, ४, ३ आणि ० झाले. मोठ्याकडून लहानाकडे मोजत चला. चौथ्या निबंधाचे उल्लेख ४ आहेत, म्हणजे चार निबंध असे आहेत की ज्यांचे उल्लेख प्रत्येकी निदान ४ झाले. पाचव्याचे मात्र ५ झाले नाहीत. म्हणून निर्देशांक ४. आता दुसरा संशोधक घ्या. त्याचे निबंध तीनच, पण उल्लेख ४००, ३ आणि १. त्याचा निर्देशांक भरतो अवघा २! ज्याच्या एका निबंधाने चारशे जणांना वाट दाखविली तो या मापात खाली बसला. मापाची मर्यादा या एका उदाहरणात स्पष्ट होते.

तिसरी अडचण सहकार्याची. कोल्हापूर येथे १९३८ साली जन्मलेले आणि २०२५ साली दिवंगत झालेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचे नाव तुम्हा सर्वांस ठाऊक आहे. केंब्रिज येथे त्यांनी आपले गुरू फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत १९६४ साली मांडला. त्यात गुरूचा वाटा किती व शिष्याचा किती? दोघांस एकेक गुण द्यावा की अर्धा अर्धा? दोन्ही पद्धती प्रचारात आहेत. आणि दोन्ही पद्धतींत खरी वाटणी होत नाही, कारण दोघांच्या संवादातून जे उपजते ते कोणा एकट्याचे नसते. हल्ली तर हा प्रश्न फारच वाढला आहे. हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाचे लेखक ५१५४ होते! एवढ्या जणांच्या श्रमांवाचून तो प्रयोग होऊच शकत नव्हता, हेही तितकेच खरे.

आता ही सारी मापे एका थोर माणसाला लावून पाहू. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. आमची मातृभाषा कोंकणी असल्यामुळे या पितापुत्रांविषयी आम्हांस विशेष जिव्हाळा वाटतो, हे आम्ही लपवीत नाही. परंतु त्यांची निवड केली आहे ती जिव्हाळ्यामुळे नव्हे, तर त्यांचे कार्य कोणत्याच एका मापात मावत नाही म्हणून. हार्वर्ड विद्यापीठाची पदवी १९२९ साली घेऊन ते स्वदेशी परतले. बनारस व अलीगढनंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले आणि पुढे १९६२ पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. १९६६ साली पुणे येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा १९४४ सालचा एक निबंध जनुकशास्त्राविषयी आहे. तो अवघ्या चार पानांचा आहे. रंगसूत्रावर जनुके ओळीने असतात. दोन जनुकांत अंतर जितके अधिक, तितकी ती पुढच्या पिढीत एकमेकांपासून वेगळी होण्याचा संभव अधिक. १०० संततींपैकी २० मध्ये ती वेगळी झालेली दिसली, तर अंतर २० एकके मानावे काय? नाही, कारण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर मूळची जोडी पुन्हा जुळते आणि ती घटना मोजणीतून निसटते. हाल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्राने हे अंतर २५.५ येते. परंतु एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या जवळपास दुसरी होण्यास अडथळा येतो, ही गोष्ट त्या सूत्रात धरलेली नव्हती. ती धरून कोसंबींनी जे सूत्र दिले त्याने अंतर २१.२ येते. भात, गहू यांसारख्या पिकांच्या जनुकांचे नकाशे तयार करताना हे सूत्र आजही वापरतात. मात्र पुष्कळदा ते संगणकातील एक पर्याय म्हणून निवडले जाते आणि मूळ निबंधाचा उल्लेख राहून जातो. एखादा शोध सर्वांच्या अंगवळणी पडला की त्याच्या कर्त्याचे नाव गळू लागते. पायथागोरसचा सिद्धांत वापरताना त्याचा संदर्भ कोण देतो?

दुसरी गोष्ट १९४३ ची. यादृच्छिक फलनांची विशिष्ट घटकांत विभागणी करण्याची एक रीत कोसंबींनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या वर्षांत फिनलंडचे कार्हुनेन व फ्रान्सचे लोएव्ह यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली. ती जगभर त्या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाली. कोसंबींचे नाव काही लेखक आता कोठे आरंभी जोडू लागले आहेत. युद्धाच्या काळात भारतातील नियतकालिक परदेशी किती हातांत पडत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. उल्लेखांच्या यादीत निबंधाच्या गुणाबरोबर तो कोठे छापला गेला याचेही वजन असते.

याउलट, उल्लेख झाला म्हणजे थोरवी सिद्ध झाली असेही नाही. कोसंबींनी १९५९ साली रीमानच्या प्रसिद्ध प्रमेयकल्पनेची सिद्धता देण्याचा प्रयत्न केला. ती जाणकारांनी मान्य केली नाही. चूक दाखविण्यासाठी केलेला उल्लेखही सूचीत एक म्हणूनच मोजला जातो. आणखी एक गंमत पाहा. १९३१ साली त्यांनी आपल्या एका निबंधात बुर्बाकी नावाच्या गणितज्ञाच्या सिद्धांताचा आधार दिला. असा गणितज्ञ मुळी अस्तित्वातच नव्हता! अलीगढमधील त्यांचे सहकारी आंद्रे वेल यांच्या सूचनेवरून केलेला तो विनोद होता. आयुष्याच्या अखेरीस तर त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने निबंध छापले. नावावरून मोजणाऱ्या सूचीने ते कोणाच्या खाती घालावेत?

त्यांचा इतिहासावरील प्रसिद्ध ग्रंथ १९५६ सालचा आहे. प्राचीन नाण्यांची वजने करून त्यांनी कालनिर्णय करू पाहिला. वासुदेव विश्वनाथ गोखले यांच्या सहकार्याने त्यांनी संपादिलेला संस्कृत सुभाषितांचा कोश १९५७ साली हार्वर्ड येथून प्रसिद्ध झाला. गणिताच्या सूचीत यांतले काहीच येत नाही.

शालेय शिक्षकाचे एक उदाहरण देऊन हा भाग संपवितो. देवळाली येथील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा गुण शोधून काढला. ३५२४ घ्या. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. ५४३२ मधून २३४५ गेले, उरले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हेच उत्तर येते. कापरेकरांचे बरेचसे लेखन लहानसहान नियतकालिकांत व स्वखर्चाने काढलेल्या पुस्तिकांत आहे. १९७५ साली अमेरिकेतील लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा त्यांचे नाव जगात पोहोचले. तोपर्यंत त्यांची संख्या काही कमी खरी नव्हती.

आपल्या बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाने यातून एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. जगातील मोठ्या सूचींमध्ये प्रामुख्याने इंग्रजी नियतकालिके आहेत. येथील माती, पाणी व पिके यांविषयी कोणी मराठीत वा कानडीत उत्तम निबंध लिहिला, तर तो येथील शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल, पण त्या सूचीत त्याची नोंद बहुधा होणार नाही. म्हणून तो लिहूच नये काय? तो लिहावा, आणि इंग्रजीतही लिहावा, असे आमचे मत आहे.

तात्पर्य, मोजमाप टाकून देण्याची गरज नाही. शेकडो अर्जांतून निवड करताना संख्येने मदत होते. वशिल्यापेक्षा संख्या पुष्कळ बरी. परंतु संख्या पाहून झाल्यावर निबंध उघडून वाचणे हे परीक्षकाचे कर्तव्य उरतेच. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे मांडलेल्या जाहीरनाम्यातही हेच सांगितले आहे की, निबंध कोणत्या नियतकालिकात आला यावरून नव्हे, तर त्याच्या अंगच्या गुणांवरून त्याची पारख व्हावी. कोसंबींची ती चार पाने वाचण्यास एक दुपार पुरते. ती दुपार ज्याने दिली नाही, त्याने दिलेल्या गुणांवर आपण किती विश्वास ठेवावा, हे तुम्हीच ठरवा.

स्वाध्याय : (१) एका संशोधकाच्या सात निबंधांचे उल्लेख ४०, १५, ८, ६, ५, २ व १ असे आहेत. त्याचा एच-निर्देशांक काढा. उल्लेखांची सरासरीही काढा आणि दोहोंतील कोणते माप अधिक न्याय्य वाटते ते सकारण लिहा. (२) आपल्या जन्मवर्षाच्या अंकांपासून आरंभ करून ६१७४ पर्यंत किती पायऱ्यांत पोहोचता ते पाहा.